कोळ्याच्या पिल्लांचे सदतीस डबे

झाकण या विषयावर आमच्या साहेबांपेक्षा जास्त विचार केलेला माणूस अख्ख्या दादरा-नगर हवेलीत सापडायचा नाही, हे मी जबाबदारीनं लिहिते. खडोलीच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते तिथं खाऊचे प्लॅस्टिकचे डबे बनतात आणि निवृत्त होईपर्यंत साहेब तिथले क्वालिटीचे प्रमुख होते. डब्यात पाणी भरायचं, झाकण लावायचं, डबा उलटा करून टिश्यू पेपरवर ठेवायचा आणि कागदावर टिपूस जरी उमटला तरी सगळा लॉट परत. एकदा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, ट्रक दारात उभा असताना, एका झाकणाचा आवाज त्यांना आवडला नाही. बसताना ‘टक्’ व्हायला हवं, हे ‘टप्’ म्हणतंय, एवढं सांगून त्यांनी ट्रक रिकामा पाठवला. मॅनेजरांनी आरडाओरडा केला तेव्हा साहेबांनी त्यांच्या कानाशी पाच-सहा झाकणं लावून दाखवली. मॅनेजरांना काही फरक कळला नाही, आम्हालाही नाही. दुसऱ्या दिवशी साचा उघडला तर आत केसाएवढी चीर होती.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. शिरपूरकडच्या आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली, आणि ते मी लपवत नाही. साहेबांनी मात्र पहिल्याच दिवशी माझं सर्टिफिकेट बाजूला ठेवलं आणि चार दिवस मला फक्त लेबल लावायला शिकवलं. समोरच्या भिंतीच्या बरोब्बर मध्यभागी, अंगठा डावीकडून उजवीकडे, खाली हवेचा फुगा राहता कामा नये. पाचव्या दिवशी लावलेलं लेबल त्यांनी डोळा बारीक करून बघितलं आणि म्हणाले, “आता तू ग्रॅज्युएट.” मला राग आला होता. पण हात जो बसला तो बसला.

सिल्वासात आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. ते नि काकू पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. निवृत्तीनंतर साहेब सकाळी स्कूटरवरून रांधा गावाकडे फिरायला जाऊ लागले. तिथं रस्ता रुंद करायला जेसीबी लागला होता. एके दिवशी त्यानं बांधाची माती खरवडली आणि बिळातून हाताच्या पंजाएवढी केसाळ कोळीण बाहेर पडली, ती चाकाखाली चिरडलेलीच. “मकडी है साहेब, जाने दो,” ड्रायव्हर म्हणाला. पण तिच्या पायांत लिंबाएवढी पांढरी पिशवी होती, अंड्यांची. साहेबांजवळ होता तो नाश्त्याचा डबा, आमच्याच कंपनीचा, ज्यातून हवेचा कण जात नाही असा. मग त्यांनी एका हातानं स्कूटर चालवली आणि दुसऱ्या हाताचं बोट झाकणाच्या फटीत घालून पिशवी घरी आणली. स्वतःच पास केलेल्या झाकणाची त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली, असं त्यांनी मला सांगितलं. काकूंनी एवढंच म्हटलं की त्या डब्यात यापुढे भाजी मिळणार नाही.

पुढचे काही आठवडे साहेब दिवसातून तीनदा त्या पिशवीची कूस बदलत होते. कोळीण तसं करते असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. वनखात्याच्या गार्डला त्यांनी जाऊन सांगितलं. तो आला, बघून मागे सरकला आणि पिल्लं चालती-फिरती झाली की रांध्यालाच सोडा म्हणाला. पिशवी फुटली तेव्हा सदतीस जिवंत निघाली, मुंगीपेक्षा थोडी मोठी. एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात. म्हणून सदतीस डबे.

ज्या माणसानं आयुष्यभर हवा अडवली त्यानं आता हवा आत घ्यायला सुरुवात केली, तीही तेवढ्याच काटेकोरपणे. शिवणाची सुई मेणबत्तीवर तापवायची आणि भोक आतून बाहेर पाडायचं, म्हणजे वितळलेल्या प्लॅस्टिकची धार बाहेर राहते आणि पिल्लाचा पाय कापत नाही. भोक पिल्लाच्या डोक्यापेक्षा बारीक. समोरच्या भिंतीला मध्यावर एक ओळ, मागच्या भिंतीला झाकणाजवळ एक ओळ, म्हणजे हवा इकडून शिरते नि तिकडून निघते. निघते की नाही याची परीक्षा उदबत्तीची. समोर उदबत्ती धरायची आणि धूर मागून निघेपर्यंत घड्याळाकडे बघायचं. उशीर झाला तर डबा रिजेक्ट. काकू दारात उभ्या राहून म्हणत, “चाळीस वर्षांत देवापुढं कधी उदबत्ती लावली नाही, कोळ्यांपुढं लावतायत.” साहेब म्हणत, थांब, आठ सेकंद झाले. मग तळाशी दोन बोटं नारळाचा ओलसर भुसा, झाडाच्या सालीचा एक तुकडा, आणि आठवड्याला रातकिड्याचं बारीक पिल्लू. एखाद्यानं कात टाकली की साहेब जिना चढून मला बोलवायला येत. मीही जायची. ती कात चिमटीत धरता येणार नाही एवढी नाजूक असते, आणि आठही पाय तिच्यात शाबूत असतात.

साहेबांना काळजी एकच होती, आईविना ही पिल्लं मातीत सोडण्याएवढी मोठी होतील का. ती व्हायला आली असतानाच त्यांच्या मोतीबिंदूची तारीख लागली. पुण्याला मुलीकडे दहा दिवस. किल्ली माझ्याकडे दिली. पाणी किती शिंपडायचं, खाणं कुणाला द्यायचं, सगळं लिहून दिलं. पाण्यानं झाकणांवरचे मार्करचे आकडे पुसट झाले होते, म्हणून मी आपण होऊन लॅबमधून लेबलं छापून आणली. नंबर, शेवटची कात, शेवटचं खाणं. शीटवर वीसच बसली, वीस डब्यांना लावली. मनात म्हटलं, साहेब खूश होतील.

ते आले ते काळा चष्मा लावून. थेट डब्यांपाशी गेले. लेबल लावलेल्या डब्यांपैकी अकरांत भुशावर पांढरी बुरशी चढली होती आणि सालीखाली पिल्लं पाय आत दुमडून मरून पडली होती. मी रोज पाणी शिंपडत होते, त्या पांढऱ्याला जाळं समजत होते, पिल्लं सालीखाली दडली असतील समजत होते. साहेबांनी एक डबा उचलला, उजेडाकडे धरला. लेबल समोरच्या भिंतीच्या बरोब्बर मध्यभागी होतं. समोरची भोकांची ओळ त्याच्याखाली होती.

ती भोकं कशासाठी आहेत हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. उदबत्ती मीच कितीदा धरली होती.

साहेब नखानं एकेक लेबल काढत राहिले. विसावं काढून झाल्यावर म्हणाले, “फुगा एकाही लेबलाखाली नाही.” मी रडायला लागले. तेव्हा ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “जागा मीच शिकवली तुला. कितीतरी पोरांना शिकवली. हात तुझा असला तरी लेबल मीच लावलंय.” काकूंनी आम्हा दोघांना चहा दिला आणि पहिल्यांदाच त्या खोलीत, डब्यांशेजारी, खाली बसल्या.

उरलेली सव्वीस आम्ही तिघांनी रांध्याला नेली. रस्त्यापासून लांब, साग आहेत त्या बाजूच्या बांधावर. साहेब डबा आडवा करत, झाकण काढत आणि थांबत. ठोकायचं नाही, काडी लावायची नाही. काही लगेच गेली. एकाला तास लागला. ते तासभर साहेब उन्हात उकिडवे बसले होते आणि काकूंनी त्यांच्या ऑपरेशनच्या डोळ्यावर छत्री धरली होती.

आता ते दर रविवारी तिथं जातात. मागच्या रविवारी मला घेऊन गेले. बांधात बोटभर रुंदीचं एक बीळ होतं, तोंडाशी रेशमासारखं पातळ जाळं. साहेब गुडघ्यांवर बसले, चष्मा काढला, बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “आपल्यातलं असेल?”

तसं जाळं कुठल्याही कोळ्याचं असू शकतं. त्या बांधात शंभर जातीचे किडे राहत असतील, आणि आपली पिल्लं एवढ्यात एवढं मोठं बीळ करतील असं मला वाटत नव्हतं.

“आपलंच आहे, सर,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि बिळावर सावली पडू नये म्हणून थोडे बाजूला सरकले.