सर, तार खाली जाईल

चाकणला मी ज्या कंपनीत आहे, तिथे गाड्यांच्या वायपरच्या मोटारी बनतात. लाइनच्या शेवटी बसून मी प्रत्येक मोटार फिरवून तपासते. नोकरी करणाऱ्यांसाठीच्या इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला नाव घातलं, तेव्हा मुलगी सातवीत होती आणि माझी दहावी होऊन सोळा वर्षं झाली होती. कंपनीला गुरुवारी सुट्टी, म्हणून वर्गही गुरुवारी, चिंचवडला. वर्गात सगळे पुरुष, बाई मी एकटीच. दोन महिने मी तोंड उघडलं नाही.

त्या दिवशी सरांनी फळ्यावर गणित घातलं. अर्धा मीटर लांब, वीस ग्रॅमची तार दोन दोऱ्यांनी आडवी टांगलीय. चुंबकीय क्षेत्र ०.४ टेस्ला, फळ्याच्या आत जाणारं. किती करंट सोडला तर दोऱ्यांवर ताण उरणार नाही? तारेचं वजन आणि वर उचलणारं बल सारखं धरलं, आणि माझं उत्तर आलं, साधारण एक अँपिअर. सरांचंही तेच आलं. पण करंटचा बाण त्यांनी उजवीकडून डावीकडे काढला.

मी बाकाखाली डावा हात धरून पाहिला. पुन्हा पाहिला. मग उभीच राहिले.

"सर, अशानं तार खाली जाईल."

मागून कोणीतरी हसलं. "कशावरून, ताई?" सरांनी विचारलं.

"करंट उलटा झालाय. आमच्याकडे मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल झाली, की ती उलटी फिरते. रोज बघते मी. डाव्या हाताचा नियम लावला तरी बाण डावीकडून उजवीकडेच येतो."

सर डावखुरे. खडू डाव्या हातात, त्यामुळे नियम त्यांनी उजव्या हातानं लावला होता. त्यांनी खडू खाली ठेवला आणि डावा हात फळ्यासमोर धरला. मग बाण पुसला.

"बरोबर आहे तुमचं. या इकडे, पुढचं गणित तुम्हीच सोडवा."

मी पुढे गेले. एक नाही, तीन गणितं सोडवली. मागच्या बाकावरचे एक भाऊ म्हणाले, "ताई, जरा सावकाश, आमाला उतरवून घेऊ द्या." त्या वाक्यानं मला जे वाटलं, ते कुठल्याही मार्कांनी वाटलं नाही.

डिप्लोमा मी पूर्ण केला. आता मुलगी बारावीत आहे. परवा ती भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन वडिलांकडे गेली, तर त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "मला काय विचारतेस? आईकडे जा."