कालिसेंगोन नकाशात सापडत नाही

बू कासियातींनी साठ वर्षांत कुणाला तोंडावर "नाही" म्हटलं नव्हतं. कालिसेंगोनमध्ये कुणीच म्हणत नाही. समोरचा चुकत असला तरी मान तुकवायची, "हो जी" म्हणायचं आणि त्याची चूक त्याला पुढे आपोआप कळू द्यायची, ही आमची रीत. रीत वाईट नाही. पण माणूस मरेपर्यंत ताणायची नसते.

बू कासियाती (आमच्याकडे बाईला मानाने बू म्हणतात, पुरुषाला पाक) टेंपे करायच्या. सोयाबीन भिजवून, सोलून, उकडून, केळीच्या पानात बांधून आंबवायला ठेवायचं आणि दोन दिवसांनी बाजारात नेऊन बसायचं. शाळा तिसरीपर्यंत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली, तिसरी रेत्नो तेवढी जगली. आता रेत्नोला आठवा महिना होता आणि पाय असे सुजले होते की नवऱ्याच्या चपलाही तिला घट्ट व्हायच्या.

नर्सबाईंनी रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला.

"बू, हिला कधीही झटके येतील. आले की तासाभरात दवाखाना गाठायला हवा. मोटारसायकलवर न्यायची नाही. फोन करा, ॲम्ब्युलन्स येईल."

येईल म्हणे! पाक तार्मोंच्या छातीत कळ आली तेव्हाही येणार होती. ती गेली डोंगरापलीकडच्या दुसऱ्या कालिसेंगोनला. कारण फोनमधल्या नकाशात आमच्या गावाचं नाव "कालिसेंगोर" असं पडलंय. ड्रायव्हरने कालिसेंगोन शोधलं की नकाशा त्याला त्या पलीकडच्या गावी नेऊन सोडतो. पाक तार्मो ओसरीवर गाडीची वाट बघत बसल्या बसल्या गेले.

नर्सबाईंनी सांगितलं त्या दिवसापासून बू कासियातींनी ध्यास घेतला. जावई सुगेंगकडून फोन शिकल्या. आमच्याकडे नेट फक्त मशिदीच्या ओट्यावर मिळतं, म्हणून बाजारातून आल्या की पाटी खाली ठेवून तिथे जायच्या आणि एकेक अक्षर शोधून दाबायच्या. नाव चुकलंय, दुरुस्त करा. चार दिवसांनी उत्तर आलं, विनंती नामंजूर. पुन्हा पाठवली. नामंजूर. चौथ्या वेळी खाली एक ओळ होती, परिसरातल्या लोकांकडून दुजोरा मिळाला नाही.

मग त्या घरोघर फिरल्या. नकाशावाले फोनवर विचारतील, तेव्हा आपलं खरं नाव सांगा, एवढंच मागणं. प्रत्येक घरी चहा मिळाला, उकडलेले शेंगदाणे मिळाले आणि "हो जी, हो जी" मिळालं. पाचवी विनंतीही नामंजूर झाली. त्या दिवशी त्या चुलीपुढे बसून रडल्या. रेत्नोला दिसू नये म्हणून ओली लाकडं घातली आणि धुराला बोल लावला.

शुक्रवारी दुपारची नमाज झाली आणि पुरुष ओट्यावर फोन घेऊन बसले, तेव्हा बू कासियाती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पाक वार्दी, मला एकदाच सांगा. नकाशावाले तुम्हाला विचारतात की नाही?"

"विचारतात ना! 'या गावाचं नाव कालिसेंगोर आहे, हे बरोबर आहे का?' फार अदबीने विचारतात हो."

"मग तुम्ही काय दाबता?"

"हो."

"हो? अहो, तुम्ही जन्मलात कुठे?"

"आता एवढ्या मायेने विचारतात, बू, वर कष्टाबद्दल आभारही मानतात. त्यांना नाही कसं म्हणायचं? त्यांनाही वाईट वाटेल."

"आणि कालिसेंगोन बरोबर का, असं विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही हो म्हटलं! तुम्ही घरी येऊन सांगून गेला होतात ना."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी तसंच केलं होतं. मुळात नकाशावाल्यांचा माणूस गावात आला होता तेव्हा म्हाताऱ्या क्रोमोंना त्याने विचारलं होतं, "हे कालिसेंगोर ना?" आणि पाहुण्याचा चेहरा पडू नये म्हणून क्रोमो म्हणाले होते, "हो जी." चुकीला हो, दुरुस्तीलाही हो. नकाशावाल्यांनी बिचाऱ्यांनी करावं तरी काय?

"आग लागो तुमच्या अदबीला!" बू कासियाती ओरडल्या. मशिदीच्या ओट्यावर बाईचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. "तार्मोंना पुरलंत, आता माझ्या लेकीलाही पुरणार का? यंत्राचं मन राखता? काढा ते फोन! कालिसेंगोरला 'नाही' दाबा! माझ्यासमोर दाबा!"

एकेकाने दाबलं. पाक वार्दींनी दाबायच्या आधी दोनदा घसा साफ केला, जणू कुणा मोठ्या माणसाचा अपमान करायचा होता. बू कासियातींनी त्याच ओट्यावर सहावी विनंती पाठवली. उत्तर आलं, तपासणी चालू आहे.

तपासणी चालूच होती आणि मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास रेत्नोला पहिला झटका आला.

नर्सबाई धावत आल्या. गावातला एकुलता एक टेम्पो कोबी घेऊन शहरात गेला होता. सुगेंग रेत्नोला धरून बसला होता, म्हणून फोन बू कासियातींनीच लावला. दवाखान्याने ड्रायव्हरशी जोडून दिलं. आवाज कसा गोड, चांगल्या घरातला.

"नमस्कार, बू. काळजी करू नका, मी निघालोच. कालिसेंगोन ना? पुलावरून वर यायचं, बरोबर?"

"हो जी," बू कासियाती म्हणाल्या. "उपकार झाले, बाळा."

फोन बंद झाला. त्या रेत्नोच्या कपाळावर ओला पंचा ठेवायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. पूल? आमच्या वाटेवर पूल नाही. पूल पलीकडच्या कालिसेंगोनच्या वाटेवर आहे.

त्यांनी फोन लावला. लागेना. अंगणात धावल्या, मग विहिरीच्या कठड्यावर चढून लावला. लागेना. साऱ्या गावाला शिव्या घालून चार दिवस झाले नव्हते आणि ऐन वेळी त्यांचीच जीभ 'हो जी'कडे वळली होती. कितव्यांदा कोण जाणे, शेवटी तो गोड आवाज आला.

"नाही!" त्या किंचाळल्या. "नाही, नाही रे! पूल नाही! माघारी फिर, मेल्या! तिठ्यावरून डावीकडे, भाताच्या गिरणीवरून वर!"

ड्रायव्हर म्हणाला, "बू, मी पूल ओलांडून घाटात आलोय. इथे गाडी वळत नाही. वर जाऊनच वळवावी लागेल. पाऊण तास धरा."

अर्धा तास आधीच गेला होता. नर्सबाईंनी घड्याळ पाहिलं आणि सुई भरायला घेतली. सुगेंग वाट दाखवायला मोटारसायकल घेऊन तिठ्याकडे सुटला.

झटका ओसरला होता. रेत्नोने डोळे उघडले. ओठ चावल्याने रक्त आलं होतं.

"माक, गाडी जवळ आली का?"

"हो गं बाई," बू कासियाती तिचे सुजलेले तळवे चोळत म्हणाल्या. "आलीच."

रेत्नोने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तीही आमच्याच गावची. तिने आईला खोटं पाडलं नाही.

"हो जी, माक," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.