घरी वाचून या

रोह्यापासून पेणपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या थोरल्या साडूंइतका मनापासून घाबरणारा माणूस आजवर झाला नाही, आणि पुढे होईल असं मला तरी वाटत नाही. साप, विंचू, सासरा आणि साहेब यांना सगळेच घाबरतात, त्यात कौतुक कसलं? आमचे साडू दाराच्या कडीला घाबरतात. कडी अडकेल आणि आपण आत कोंडले जाऊ, म्हणून न्हाणीघराचं दार त्यांनी जन्मभर नुसतं लोटून घेतलं. मग कुणी आत शिरू नये म्हणून अंघोळभर मोठमोठ्यानं पाढे म्हणायचे. आत माणूस आहे हे घराला कळलं पाहिजे ना! त्यांच्या दोन्ही मुलांचे तिसापर्यंतचे पाढे शाळेत जायच्या आधीच पाठ झाले ते असे. हायवेचं काम पुरं झाल्याशिवाय एस.टी.त पाय ठेवणार नाही, असं त्यांनी माझ्या मुलीच्या बारशाला जाहीर केलं होतं. मुलगी आता बारावीला आहे आणि साडू अजून पेणला रेल्वेनंच येतात. त्यातही पुढच्या डब्यात बसत नाहीत, कारण धडक पुढून बसते. मागच्या डब्यात बसत नाहीत, कारण ती मागूनही बसू शकते. मधल्या डब्यात बसतात आणि रुळावरून घसरतो तो मधलाच डबा असं कुठंतरी वाचल्यामुळे तिथंही डोळे टक्क उघडे ठेवून बसतात.

पेशानं ते शिक्षक. रोह्यात तीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं आणि मागच्या वर्षी निवृत्त झाले. सगळं गाव त्यांना 'सर' म्हणतं, घरात मीही तेच म्हणतो. शिकवायचे मात्र झकास. बेडकाचं हृदय फळ्यावर असं काढायचे की मागच्या बाकावरच्यांना ते धडधडताना दिसायचं. गावाबाहेरच्या रसायनांच्या कंपन्यांकडून वारा वाहू लागला की आधी सगळ्या वर्गाला रुमाल ओले करून नाकाला लावायला सांगायचे आणि मग त्याच वायूवर धडा घ्यायचे. पुस्तकातल्या एकाच धड्याशी त्यांचं वाकडं होतं. मानवी प्रजननाचा धडा आला की सर फळा पुसायचे, खडू खिशात टाकायचे आणि खिडकीतून मैदानाकडे बघत म्हणायचे, "हा धडा सोपा हाय. घरी वाचून या." एका वर्षी एका धीट मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, मी वाचला, पण मला समजला नाय." सरांनी तिला पाणी पिऊन यायला सांगितलं. ती पिऊन आली, तोवर सर पुढच्या धड्यावर पोचले होते.

गेल्या थंडीत ताईंचा, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. बायकोनं तो स्पीकरवर टाकला. ताई रडत होत्या.

"अगो, काय सांगू तुला? मध्यरात्री उठतात नि अंगणात फेऱ्या मारतात. पायावर गार पाण्याच्या बादल्या ओततात. विचारलं की म्हणतात, काय नाय, तू झोप. आता तर अंथरूण उचलून माजघरात गेलेत. लसूण सोडला, अंडं सोडलं, सुकट घरात आणू देत नाय. आणि परवा माझा शेवगा तोडला गो!"

हा शेवगा ताईंनी माहेरून, कासूहून, फांदी आणून लावलेला होता. त्याच्या शेंगा आम्हाला दर वर्षी पोचायच्या. रात्री फिरणाऱ्या नवऱ्याचं एक वेळ समजू शकतं. पण ज्या माणसानं झाडावर चढणाऱ्याला खालून "उतरा, उतरा" म्हणण्यात आयुष्य घालवलं, त्यानं कोयता हातात घ्यावा? फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "ताईला वाटतंय, ती भावोजींना नकोशी झाली." मी हसण्यावारी नेलं.

पण पुढच्या आठवड्यात मला हसता येईना. सर मला भेटायला पेणला यायला निघाले, ते पेणला उतरलेच नाहीत. दुपारी त्यांचा फोन आला, "साडू, मी पनवेलला आलोय. मला न्यायला या." गाडीत त्यांना झोप लागली होती! डोळा लागला, पेण मागं पडलं, आणि शेवटच्या स्टेशनावर कुणीतरी हलवून उठवलं. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर मी चेष्टा केली असती. पण आमचे सर रेल्वेत झोपतात याचा अर्थ त्यांच्या अंगात घाबरण्याइतकंही त्राण उरलेलं नाही, हे मला कळत होतं. स्टेशनच्या बाकावर बसलेल्या त्या माणसाकडे बघून मला कसंसंच झालं. डोळ्यांखाली काळं, गालाची हाडं वर आलेली, आणि हातातली पिशवी छातीशी घट्ट.

माझं पेणला चष्म्याचं दुकान आहे. तिथं आल्यावर सरांनी मला शटर अर्धं ओढायला लावलं.

"तुम्ही वैद्यकीय क्षेत्रातले," ते हळू आवाजात म्हणाले.

"सर, मी चष्मे विकतो."

"डोळा हा शरीराचाच भाग हाय ना?"

ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, पण माझ्याकडे बघून त्यांना बोलणं जमेना. शेवटी खुर्ची फिरवून त्यांनी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे तोंड केलं आणि सगळी हकिगत त्या तक्त्याला सांगितली.

"झोपेत ताठरता येते," ते वरच्या मोठ्या अक्षराला म्हणाले. "मनात काय पण नसतं. स्वप्न नाय, विचार नाय. दुखून जाग येते. उठून चाललं, गार पाणी ओतलं, की हळूहळू उतरते. परत डोळा लागला की परत तेच. सकाळपर्यंत असंच चालतं. आता तर संध्याकाळ झाली की पलंगाकडे बघायची भीती वाटते." मग खालच्या बारीक ओळीपर्यंत पोचल्यावर त्यांनी विचारलं, "कॅन्सर असेल का हो?"

पुढं जे म्हणाले ते ऐकून आधी मला हसू फुटलं, ते मी कसंबसं गिळलं. "आणि समजा, त्याच अवस्थेत मी गेलो तर? शेवटची अंघोळ घालायला कोण येणार? सगळे माझे विद्यार्थी!"

ते खुर्ची फिरवून माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा माझं हसू गेलं. तो माणूस खरोखर मरणाच्या भीतीत होता. मलाही भीती वाटली, उगाच कशाला खोटं बोलू? मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "ताईंना सांगितलंत?"

"तिला काय सांगू? तीस वर्षांत या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नाय. दोन मुलं झाली तीसुद्धा न बोलता."

आणि शेवगा? शेवग्यानं अंगात उष्णता वाढते असं कुणीतरी म्हटल्याचं त्यांना आठवलं होतं. शेंगा नुसत्या न खाण्यानं भागेना. खिडकीतून झाड दिसलं तरी त्रास वाढतो असं त्यांना वाटायला लागलं. विज्ञानाच्या शिक्षकानं असं म्हणावं! पण महिना-महिना झोप नसलेल्या माणसाशी विज्ञानाच्या गप्पा कोण मारणार?

डॉक्टरकडे जायला ते तयार नव्हते असं नाही, त्यांना डॉक्टरच मिळत नव्हता. रोह्यातले डॉक्टर, औषधांची दुकानं चालवणारे, रक्त तपासणारे, झाडून सगळे त्यांच्या वर्गात बसलेले. नागोठण्याचा एक बरा वाटला तर तो त्यांच्या हेडमास्तरांचा भाचा निघाला. म्हणून पेण. मी त्यांना बाजारातून फिरवायला लागलो. प्रत्येक पाटीसमोर सर थांबायचे, डोळे मिटून तीस वर्षांचा हजेरीपट मनातल्या मनात चाळायचे आणि मान हलवून पुढे निघायचे. शेवटी एका जिन्याशी एक पाटी सापडली. तिच्यावर नुसती आद्याक्षरं आणि आडनाव होतं. सरांनी ती तीनदा वाचली. "हे आडनाव माझ्या वर्गात कधीच नव्हतं," ते म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडावर जरा रंग आला.

आमच्याकडे मुली लग्नानंतर आडनाव बदलतात, हे एवढं साधं त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या तरी कुठं आलं?

आम्ही आत पाऊल टाकलं आणि टेबलामागची डॉक्टरीणबाई ताडकन उभी राहिली. "सर! तुम्ही?" ही तीच पाणी पिऊन आलेली धीट मुलगी. सरांचा हात माझ्या बाहीवर असा आवळला की शिवण उसवली.

"दाढ दुखत्ये," सर म्हणाले.

"दाढेसाठी समोरच्या जिन्यानं वर जावं लागेल, सर," ती म्हणाली. "पण बसा तरी. इतक्या वर्षांनी भेटताय." तिनं स्वतः उठून त्यांच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला, दार लावून घेतलं आणि काही न विचारता बसून राहिली. मला जायची सोय नव्हती, बाही अजून सरांच्या मुठीत होती. सर पाणी प्याले. भिंतीकडे पाहिलं, तर तिथं तक्ता नव्हता, नुसतं कॅलेंडर होतं. शेवटी ते कॅलेंडरला म्हणाले, "तो... तो धडा."

"कुठला, सर?"

"मी जो... शिकवायचो नाय."

मग तिच्या चेहऱ्यावर सगळं लख्ख उमटलं. "घरी वाचून या म्हणायचात, तो?"

सरांनी मान हलवली.

"आम्ही वाचला होता, सर," ती अगदी गंभीरपणे म्हणाली. "अख्ख्या वर्गानं घरी वाचलेला तो एकच धडा."

सर हसले. मला वाटतं ते हसू त्यांच्या तोंडून चुकून निसटलं. पण त्यामागून बाकीचं सगळं बाहेर आलं. तिनं ते पावसापाण्याचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. झोपेत असं सगळ्याच पुरुषांना होतं, तिनं सांगितलं. काही थोड्या जणांना ते दुखतं आणि झोपमोड होते. यात पाप नाही, चावटपणा नाही, शेवग्याचा तर काहीच दोष नाही. सर घोरतात का, असं विचारल्यावर मी उत्साहानं हो म्हणालो. झोपेत श्वास अडत असेल तर हा त्रास वाढतो, म्हणून तिनं त्याची तपासणी लिहून दिली, रक्त तपासायला सांगितलं, एक गोळी दिली. जाग आली तर उठा, लघवीला जा, थोडं चाला, पण गार पाणी ओतून न्युमोनिया ओढवून घेऊ नका, म्हणाली. आणि कधी चार तास झाले तरी उतरलं नाही, तर लाजत घरी बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. एवढं ऐकल्यावर सरांच्या चेहऱ्यावर आलेला रंग पुन्हा उतरला, पण नवीन भीती निदान नाव-गाव असलेली होती.

आम्ही उठलो तेव्हा तिनं विचारलं, "बाईंना ठाऊक हाय?"

सर पुन्हा कॅलेंडरकडे बघायला लागले.

"त्यांना हा धडा घरी वाचायला सांगू नका, सर. तुम्ही शिकवा."

रोह्याला परतल्यावर काय झालं ते ताईंनी फोनवर बायकोला सांगितलं. "अगो, जेवणं झाली नि टेबलावर पुस्तक घेऊन बसले. मला समोर बसवलं. चष्मा लावला नि पहिल्या ओळीपासून शिकवायला लागले. कागदावर आकृती काढली. मी म्हटलं, दोन पोरं झाली, आता काय शिकवता? तर म्हणतात, शंका शेवटी विचार! घाम फुटला होता गो त्यांना, पण थांबले नाय. सगळा धडा संपवला नि मग आपलं सांगितलं." इथं ताईंचा आवाज बदलला. "मी म्हटलं, एवढंच होतं व्हय? मला वाटलं, मी नकोशी झाले. म्हणून वेगळे निजलात. तर रडले. इतक्या वर्षांत मी ह्यांना रडताना पाह्यलं नव्हतं."

त्यानंतर पनवेलला तपासणी झाली. अंगाला वायरी लावून झोपायचं म्हटल्यावर शॉक बसेल म्हणून सरांनी ती रात्र बहुतेक जागूनच काढली, पण तेवढ्यातही श्वास अडतो हे दिसलं. आता ते नाकाला हवेच्या यंत्राची नळी लावून झोपतात आणि नळीलाही घाबरतात. त्रास कमी झाला, गेला मात्र नाही. आठवड्यातली एखाद-दुसरी रात्र अजून तशीच जाते.

परवा आम्ही दोघं रोह्याला मुक्कामाला गेलो होतो. अंगणात शेवग्याच्या बुंध्याला चारी बाजूंनी कोंब फुटलेत, कमरेइतके वर आलेत. सर बाजूला उभे राहून बघत होते. "वाढू दे," म्हणाले, "शेंगा मी खाणार नाय, पण वाढू दे." अंथरूण माजघरातून परत खोलीत गेलं होतं, हे बायकोनं मला कोपरानं ढोसून दाखवलं.

रात्री मला जाग आली ती पाढ्यांनी. आधी वाटलं, सर अंघोळीला गेलेत की काय. खिडकीतून पाहिलं तर अंगणात सर फेऱ्या मारत होते आणि शेजारी शाल पांघरून ताई चालत होत्या. एक ओळ ते म्हणायचे, पुढची त्या. एकोणतिसाचा पाढा चालला होता. मध्येच ताई चुकल्या, साफ चुकल्या. ज्या माणसानं तीस वर्षांत एक चूक खपवून घेतली नाही, तो काही बोलला नाही. चुकलेल्या आकड्यावरूनच त्यांनी पाढा पुढं नेला, आणि दोघं तसेच मोठ्यानं म्हणत फाटकापर्यंत गेले आणि वळले.