अप्पांच्या गोळीचा वेग

कळंबच्या बाजारात गुरुसिद्धप्पांनी सपाट माप कधी कुणाला दिलं नाही. शेर भरला की वर ज्वारीची शीग चढायचीच, आणि तोवर दुसरा हात मिशीवर. मिशी अशी, की दुकानात आधी ती दिसे, मग अप्पा.

निजामीचे दिवस होते. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी एकदा अप्पांची ठासणीची बंदूक पाहिली आणि भर बाजारात विचारलं, "अप्पा, ये बंदूक है के हुक्का?"

"तुमच्या रायफलीपरीस माझी गोळी जोरात जाती, साहेब. न्हाय गेली तर मिशी उतरवतो!"

रायफलीच्या गोळीचा वेग साहेबांनी तिथंच सांगून टाकला. अप्पांचा मोजायचा कसा? अप्पा माझे चुलते, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. सुट्टीत घरी होतो. अप्पांनी मलाच धरलं. पुस्तकात एक युक्ती वाचली होती, पण जमेलच असं म्हणायचा धीर होत नव्हता. अप्पांच्या पिठाच्या गिरणीमागं, तिच्याच पट्ट्यावर एक दांडा फिरता केला आणि त्यावर अंतर ठेवून पुठ्ठ्याच्या दोन चकत्या बसवल्या. गोळी पहिलीतून दुसरीत पोचेतो चकती थोडी फिरते. दोन भोकांतला फरक जितका कमी, तितका वेग जास्त.

प्रत्येक बाराला वेग वेगळाच निघाला. मी रडकुंडीला आलो. मग पाहिलं, तर अप्पा बंदुकीच्या दारूच्या मापालाही शीग लावत होते. कधी लहान, कधी मोठी.

"अप्पा, सपाट भरा ना."

"सपाट? माझ्या हातानं? वर गेल्यावर बापाला काय तोंड दाखवू?" मग हळूच म्हणाले, "लई मोठी शीग लावली तर मिशी वाचंल का रं?"

"वाचेल कदाचित. नळी फुटेल. आणि तो वेग तुमच्या रोजच्या गोळीचा नसेल."

अप्पा बराच वेळ मिशी चावत बसले. मग बोट फिरवून त्यांनी माप सपाट केलं.

साहेबांसमोर वेग निघाला, तो रायफलीच्या निम्माही नव्हता. साहेब पोट धरून हसले. अप्पांनी न्हाव्याला हाक मारली.

"जाने दो, अप्पा."

"न्हाय साहेब. बोललो ते बोललो."

मिशी उतरली. मिशीखालचा ओठ तान्ह्या पोरासारखा गोरा निघाला. अप्पांनी त्यावरून हात फिरवला आणि ओरडले, "गिरणी चालू ठेवा रं! साहेब, माझी मोजून झाली. आता तुमची रायफल आणा. तुमची कुणी मोजलीय?"

साहेबांना एकदम आठवलं, की काडतुसं सरकारी आहेत. त्यानंतर ते गिरणीच्या रस्त्यानं फिरकले नाहीत.

मोजली असती तरी रायफलच जिंकली असती. मला ते ठाऊक होतं, अप्पांनाही असावं. पण निजामी गेली, साहेब गेले, तरी अप्पांनी मिशी ठेवली नाही. "आता तरी वाढवा की," त्यांच्या पत्नी, आक्का, म्हणायच्या.

"साहेबाची गोळी मोजायची हाय अजून," अप्पा म्हणत. गेले तेही गुळगुळीत ओठानंच.