लक्ष्मम्माला कळलं

लक्ष्मम्माचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. बाजारात वांगी घेतली तरी एक फोडून आत डोकावल्याशिवाय ती पदराच्या ओट्यात घ्यायची नाही.

निजामाच्या अमलात, त्रेचाळीसच्या आसपास, उमरग्याजवळच्या एका गावात ती शाळेचं पाणी भरायची. माहेर आळंदकडचं, त्यामुळं तोंडात कानडी. कामाच्या पहिल्याच दिवशी अणदूरच्या मास्तरांनी रांजण कुठं, घागर कुठं ते दाखवलं आणि विचारलं, “कळलं?” लक्ष्मम्मानं घागर तिथंच आदळली आणि तरातरा घर गाठलं. कानडीत कळ्ळ म्हणजे चोर! शेजारच्या शांताक्कानं आधी पोटभर हसून घेतलं, मग समजावलं. लक्ष्मम्मा कामावर परतली, पण मास्तरांवरचा तिचा संशय काही पुरता गेला नाही.

शाळेच्या अंगणात आड होता, बिनकठड्याचा. एकदा तिची महानंदा पाटी धुवायला वाकली आणि घसरली. वेणी आईच्या हाती लागली म्हणून पोर वाचली. त्या दिवसापासून लक्ष्मम्माला दुसरं काही सुचेना. शाळा कमिटीच्या एकेका मेंबराचं दार तिनं ठोठावलं. अखेर तालुक्याची मंजुरी आली, आडाला झाकण करायचं ठरलं, आणि सहा सागवानी फळ्या गाडीतून येऊन ओसरीत पडल्या. सगळे निर्धास्त झाले, लक्ष्मम्मा सोडून. शाळा सुटल्यावर तिनं विळ्यानं प्रत्येक फळीच्या काठाला तीन खाचा पाडून ठेवल्या.

आठ दिवसांत फळ्या गायब. कमिटीचे अध्यक्ष वीरप्पा म्हणाले, “वाळवी लागली, फेकल्या.” नव्याकोऱ्या सागवानाला आठ दिवसांत वाळवी! लक्ष्मम्मा ताक मागायच्या निमित्तानं त्यांच्या घरी गेली. कडब्याच्या खोलीला नवं दार बसलं होतं. तिनं त्याच्या काठावरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन.

पण सांगते कुणाला? कमिटी वीरप्पांची, तालुक्याच्या साहेबांशी उर्दूत बोलणारे एकटे वीरप्पा, आणि तिचं कामही त्यांच्याच हातात. ती आतल्या आत धुमसत राहिली.

मग कमिटी बसली. लक्ष्मम्माला दाराशी उभं करून हिंमतराव पाटलांनी ठराव वाचला. नवी मंजुरी येईतो आडावर लक्ष लक्ष्मम्मानं ठेवायचं. पोर पडलं तर जिम्मेदारी तिची.

“कळलं का गं, लक्ष्मम्मा?” पाटलांनी विचारलं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चोरी याची आणि फास तिच्या गळ्यात! तिनं वीरप्पांच्या डोळ्यांत डोळे घातले आणि एकेक बोट उचलत म्हणाली, “व्हय पाटील. कळ्ळ. कळ्ळ. कळ्ळ.”

“एकदा म्हणलं तरी चालतंय की,” पाटील हसले आणि कागदावर लिहून घेतलं, लक्ष्मम्मास समजले. वीरप्पा मात्र घरात कानडीच बोलायचे. त्यांच्या हातातलं विड्याचं पान हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आडावर झाकण होतं. वीरप्पांनी पदरचं लाकूड दिलं म्हणून गावात वाहवा चालली होती. लक्ष्मम्मानं महानंदाला लांब उभं केलं आणि खाली बसून काठावरून बोट फिरवलं. पाच फळ्यांना खाचा लागल्या. सहाव्या फळीचा काठ कोरा होता. तिनं नखानं खरवडलं तर वाळवीनं पोखरलेला भुसा पडला.

तिनं मुलीला जवळ बोलावलं, ती फळी दाखवली आणि कानडीत बजावलं, हिच्यावर कधी पाय द्यायचा नाही.