धर्मपाल गजभियेंचा थोरला

विहारातल्या पुण्यानुमोदनाला शे-दीडशे माणसं जमली होती आणि जो तो दिवंगत धर्मपाल गजभियेंचे गुण गात होता. त्यांचा थोरला मुलगा प्रफुल्ल मागच्या खांबाला टेकून दात आवळत ते ऐकत होता.

“असा पोस्टमन पुन्हा नाही होणार,” धर्मपालांसोबत तीस वर्षं नोकरी केलेले मारोतीकाका माइकवर सांगत होते. “म्हाताऱ्या बायांले पत्र वाचून दाखवे, उत्तरबी लिहून दे. अन् लेकरांसाठी किती जीव! मोनालीले रोज सायकलवर कॉलेजात सोडे. पोट्टी आज प्रोफेसर आहे.”

यात खोटं काहीच नव्हतं. प्रफुल्लला तेच सहन होत नव्हतं.

धर्मपाल हे भंडाऱ्याहून रायपूरला आलेल्या विडी कामगाराचे पोर. खाकी वर्दी अंगावर चढली त्या दिवशी घरात पहिल्यांदा पेढे आले. आपल्या पोरानं याच खात्यात वरच्या जागेवर बसावं, हे तो पाळण्यात असतानाच त्यांनी ठरवून टाकलं होतं. प्रफुल्ल परीक्षा पासही झाला. पण नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा त्यानं नकार कळवला आणि रायपूरजवळच्या बीरगांवला वेल्डिंगचं दुकान टाकलं.

“तुह्या आजानं तंबाखूत छाती जाळली, अन् तू सरकारी खुर्ची लाथाडून राहिला?”

“खुर्ची तुमाले पाहिजे होती. मले नाही.”

कानशिलात बसली. संध्याकाळच्या आत त्याची पेटी दाराबाहेर होती. “आजपासून मले एकच लेकरू. मोनाली.”

रागात माणूस बोलून जातो, मग विसरतो. धर्मपाल विसरणाऱ्यातले नव्हते. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना त्यांना टपाल वाटायला बीरगांवची बीट मिळाली. रोज दुकानासमोरून जायचे, शेजारच्या पानवाल्याशी हसून बोलायचे, पण इकडे मान वळत नसे. मग एक दिवस प्रफुल्लच्या नावाचं रजिस्टर्ड पत्र आलं. सायकल लावून ते दुकानाच्या दारात उभे राहिले.

“प्रफुल्ल गजभिये कौन है?” परक्या माणसाशी बोलावं तसं त्यांनी हिंदीत विचारलं.

प्रफुल्लनं काळा चष्मा वर केला. दोन कारागीर हातातलं काम सोडून बघत होते. “बाबा, पाणी तरी घ्या.”

“पूरा नाम बताइए.”

“काहून असं करून राहिले तुमी?”

“पूरा नाम.”

“प्रफुल्ल धर्मपाल गजभिये.”

“पहचान-पत्र?”

त्यानं आधार कार्ड पुढे केलं. धर्मपालांनी कार्डावरचा फोटो पाहिला, समोरचा चेहरा पाहिला नाही. “यहाँ दस्तखत कीजिए.” सही घेतली आणि पायडल मारत निघून गेले. कारागिरांनी माना खाली घातल्या. त्या दिवशी प्रफुल्लच्या हातून एकही सांधा धड बसला नाही.

पुढचं पत्र आलं तेव्हा तो तयार होता. “हाँ भैया, लाइए,” तो म्हणाला. बापाला भैया! धर्मपालांचा हात क्षणभर हवेतच राहिला. मग त्यांनी सहीचा कागद पुढे केला. तेव्हापासून दोघांत तीच भाषा ठरून गेली.

धर्मपालांच्या किडन्या गेल्यावर प्रफुल्ल दवाखान्यात गेला होता. बापानं डोळे मिटून घेतले. “इंदू, याले बाहेर काढ.” आई नुसती रडत राहिली. तो बाहेर पडला. दोन दिवसांनी मोनालीचा फोन आला.

“आता मोठे चिरंजीव दोन शब्द बोलतील,” माइकवरून कोणी तरी म्हणालं.

प्रफुल्ल पुढे गेला. “बाबा चांगले पोस्टमन होते, मारोतीकाकांनी सांगितलंच. बाप कसे होते, ते मोनालीले विचारा. मले माहीत नाही.” माइक ठेवून तो सरळ दाराकडे निघाला.

चपलांपाशी इंदूनं त्याचा दंड धरला. “मेलेल्या माणसाशी कायचं वैर, बाप्पा?”

“जित्ता होता तवा तू काहून नाही बोलली?”

“भ्याली मी,” ती म्हणाली. “घरी येत जा आता.”

“पाहीन,” म्हणत त्यानं दंड सोडवून घेतला आणि गाडीला किक मारली.