अर्धा काळा केक

यंत्र कुठलंही असो, मिस्त्री आधी त्याला पालथा हात लावायचे, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मग डोळे मिटून निकाल द्यायचे, "ह्याला काय बी झालं न्हाय. वापरणाऱ्याचा हात बघाया पायजे."

इंदापुरात त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी ते नव्या तारेनं भरून द्यायचे आणि मधल्या वेळात गावाचे मिक्सर, इस्त्र्या, पंखे बघायचे. "माझ्या हातची वस्तू परत येत न्हाय," हे ते कुणी न विचारता सांगत. खरं तर यायची. पण ती नवं दुखणं घेऊन आली आहे, असं ते मानत.

नव्वदच्या दशकात आमच्या हिनं बारामतीला जाऊन केकचा क्लास केला आणि येताना अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन एसटीत मांडीवर घेऊन आली. तान्हं मूलही इतकं जपून आणलं नसतं. चार महिन्यांनी त्याची कॉइल तुटली. मिस्त्रींनी ती जोडून दिली. त्यानंतर मंडळी, केक असा व्हायला लागला की अर्धा कोळसा आणि अर्धं पीठ. मधली बोटभर पट्टी तेवढी केक. ती खाऊन "वा!" म्हणणं हे माझं काम.

अशात सणसरच्या एका बागायतदार तात्यांनी नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचा केक हिला सांगितला. रविवारी हवा होता. हिची पहिली ऑर्डर. बोटभर पट्टीवर पन्नास पाहुणे कसे भागणार? गुरुवारी मिस्त्रींना बोलावणं गेलं.

पालथा हात. डोळे बंद.

"करंट कमी हाय. सांजच्याला समद्या मोटारी चालू व्हत्यात. वैनी, दुपारी भाजा."

शुक्रवारी दुपारी भाजला. अर्धा काळा.

"वटा उतरता हाय तुमचा. मोरीकडं."

ओटा उतरताच असतो, पाणी जायला. तरी ओव्हनखाली तिसरीच्या गणिताचे जुने पेपर घडी करून सरकवले. मी मास्तर, पेपरांना तोटा नाही. केक पुन्हा अर्धा काळा, पण या वेळी समपातळीत.

"वैनी, अंडी एकाच हातानं फेटता का काय?"

"एकानं भांडं धरते, एकानं फेटते," ही म्हणाली. "तिसऱ्या हातानं तुमचा चहा करते."

मग तिनं डब्यातून उडदाचे पापड काढले, तुकडे केले आणि ओव्हनभर अंथरले. झाकण लावलं. पाच मिनिटांनी उघडलं, तर खिडकीकडचे तुकडे काळे, दाराकडचे कच्चे. तिनं अख्खा ओव्हन अर्धा फिरवला आणि नवे तुकडे मांडले. आता दाराकडचे काळे.

"म्हणजे दोष ओट्यात नाही, करंटात नाही, माझ्या हातात नाही. ओव्हनबरोबर फिरतोय तो. उघडा."

मिस्त्रींनी तळ उघडला. माझ्यासारख्या तिसरीच्या मास्तरालाही दिसलं. जोडापासून अर्ध्या भागात कॉइलचे वेढे दाटीवाटीनं बसलेले आणि उरलेल्या अर्ध्यात जुन्या नाडीसारखे ताणलेले. दाट तिथं आग जास्त.

मिस्त्रींनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"ही जोडणी कुणी केली वो?"

"तुम्हीच की."

चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला. "त्या माणसाला अक्कल कमी दिसती," ते गंभीरपणे म्हणाले. "घाईत एकीकडंच ताणलीय."

"मग आता?"

"त्याचं जाऊ द्या. आता मी आलोय न्हवं?"

नवी कॉइल इंदापुरात मिळेना. शनिवारी दुकान बंद ठेवून मिस्त्री पहिल्या एसटीनं बारामतीला गेले आणि दुपारी रुमालात बांधून ती घेऊन आले. एकेक वेढा मोजल्यासारखा बसवला. केक होईपर्यंत ओव्हनसमोर स्टुलावर बसून राहिले; चहा नाही, तंबाखू नाही. केक उतरला, तो सगळीकडून बदामी. ही तुकडा द्यायला गेली, तर म्हणाले, "पाव्हण्यांचा हाय त्यो."

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाइल विकतात. मला मात्र ते आठवतात ते सणसरच्या त्या मांडवातले. आम्ही केक घेऊन पोहोचलो तर हे आधीच हजर, धुतलेला सदरा घालून. आमंत्रण कुणी दिलं होतं, ते देव जाणे.

केक कापला. सगळे पोराकडे बघत होते, मिस्त्री कापलेल्या बाजूकडे. कागदी बशीतला तुकडा त्यांनी फिरवून फिरवून पाहिला. शेजारच्या पाहुण्यानं विचारलं, काय बघताय?

"काय सांगू पावनं," मिस्त्री म्हणाले, "पयल्या मिस्त्रीनं वाट लावली व्हती मशीनची. ह्या माउलीची ऑर्डर बुडवाया निघालं व्हतं येडं." शेवटी शेवटी आवाज जरा खाली गेला.

ही मागेच उभी होती.

"हो ना," ती त्या पाहुण्याला म्हणाली. "पण नंतरचा फार चांगला मिळाला."

मिस्त्रींनी मान वर केली नाही. बशी तोंडाजवळ धरून ते तेवढासा तुकडा बराच वेळ खात राहिले.